चावीशेजारचा लाल बाण

मे महिन्यातल्या एका सुट्टीच्या सकाळी बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपच्या आवारात मी आणि दाजींनी फक्कीने एक चौक आखला, त्याच्या बाजूला एक सर्कल आखलं. कास्टिंगचे क्रेट भिंतीला सरकवले आणि वॉचमनला सांगितलं की तासभर गेट उघडू नका. मग दोघंही आपापल्या गाड्यांवर रस्त्याच्या उजव्या बाजूने फिरू लागलो. सर्कलला उलटं, घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध. उजवीकडे वळायचं तर कडेकडेने, आणि डावीकडे वळायचं तर समोरून येणाऱ्याला वाट देऊन, रस्ता ओलांडून.

दाजी निपाणीचे. तंबाखूचा व्यापार, वय ५४, तीस वर्षं बुलेटवर. आल्प्सच्या घाटात गाडी चालवायची हे त्यांच्या मनात फार दिवस होतं आणि त्यांनी मला ओढलं. अक्कानं परवानगी दिली ती एकाच अटीवर: "जावा, खरं तिथलं नियम पाठ करून जावा. घोकून."

तिकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, म्हणून हे आवार. तिथे तासाभरात एक गोष्ट कळली. आपण बेळगावात चौकात शिरताना पहिली नजर उजवीकडे टाकतो, कारण जवळची गाडी उजवीकडून येते. वाहतूक उजवीकडून चालली की जवळची गाडी डावीकडून येते. म्हणजे नजर आधी डावीकडे हवी. पण जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात मान मात्र उजवीकडून येणाऱ्याचा. पहिला धोका डावीकडे, वाट द्यायची उजव्याला. दाजी तीनदा माझ्यासमोर येऊन थांबले, मी दोनदा त्यांच्यासमोर.

दुसरी गोष्ट दाजींच्या लक्षात आली. परदेशात कार घेतली तर स्टिअरिंग डाव्या बाजूला जातं, बसल्या बसल्या आठवण होते की आपण दुसरीकडे आहोत. मोटरसायकलवर क्लच तिथेच, गिअर तिथेच, ब्रेक तिथेच. गाडी काहीच आठवण करून देत नाही. निपाणीला रेडियमवाल्याकडून त्यांनी लाल रेडियमचे दोन बाण कापून आणले, बोटभर लांबीचे. भाड्याच्या गाडीवर चावीशेजारी चिकटवायचे, उजवीकडे टोक करून. गाडी सुरू करताना नजर चावीवर जातेच.

तयारी: चोर्ला

पुढच्या रविवारी पहाटे जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो. मलप्रभेचा उगम तिथलाच. मेअखेरीस रस्त्याकडेला पोरी पानाच्या द्रोणात करवंदं विकत बसलेल्या असतात. तिथून खाली चोर्ला घाट उतरून पुन्हा चढायचा, असं चार वेळा.

सराव दोन गोष्टींचा. एक, हॉर्नशिवाय चालवण्याचा. आपल्या घाटात आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवणं बरोबरच आहे, ते सोडायचं नाही. पण बाकी वेळी? मी अंगठ्यावर लक्ष ठेवून मोजलं. कणकुंबी ते जांबोटी एवढ्या अंतरात माझा डावा अंगठा ४१ वेळा हॉर्नकडे गेला. त्यातली गरज असलेली वेळ एकही नव्हती. समोर कुत्रं नव्हतं, माणूस नव्हतं. नुसती सवय.

दुसरं, वळणांचं. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे घाटातलं आवळलेलं वळण आपल्याला डावीकडचं मिळतं, उजवीकडचं वळण ऐसपैस असतं. तिकडे ते उलट होणार. आवळलेलं वळण उजवीकडचं, आणि मागचा ब्रेक उजव्या पायात. चढावर अशा वळणात गाडी अडखळली तर उजवा पाय जमिनीला टेकवावा लागतो, आणि पाय टेकला की मागचा ब्रेक गेला. चोर्ल्यात याचा सराव होऊच शकत नव्हता, कारण त्यासाठी चुकीच्या बाजूने जावं लागलं असतं. मग आवारात परतून फक्कीच्या अरुंद पट्ट्यात उजवीकडे वळण्याचा सराव केला. पहिल्या गिअरमध्ये, मागचा ब्रेक हलका दाबून, नजर वळणाच्या शेवटी. नजर चाकापुढे पडली की गाडी रुसते. हे वाक्य दाजींचं आहे आणि ते खरं आहे.

एक नियम मात्र दोन्हीकडे सारखा: घाटात चढणाऱ्याला आधी वाट. आपल्याकडेही तो कायद्यात आहे. चोर्ल्यात उतरणारे किती जण थांबतात हे जांबोटी रोडला जाणाऱ्याला विचारा.

कागद

व्हिसाचा नियम असा की शेंगेन देशांपैकी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांपैकी, जिथे सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या तीन रात्री जर्मनीत, दोन इटलीत, एक ऑस्ट्रियात. म्हणून जर्मनी. बोटांचे ठसे द्यायला बेंगळुरूला गेलो. किमान ३०,००० युरोचा प्रवास आरोग्यविमा लागतो. आरटीओतून इंटरनॅशनल लायसनचं पुस्तक काढलं, फॉर्म ४अ आणि १,००० रुपये फी, मुदत एक वर्ष. हे पुस्तक एकटं चालत नाही, सोबत मूळ लायसन लागतंच. बरेच जण मूळ लायसन घरी ठेवून जातात.

हेल्मेटबद्दल जास्त लिहितो, कारण इथे आम्ही फसणार होतो. दोघांचीही हेल्मेट आयएसआय मार्कची, चांगली. पण इटलीत ईसीई या युरोपातल्या प्रमाणाचंच हेल्मेट चालतं. ते ओळखायचं कसं, तर हनुवटीच्या पट्ट्याला आतून एक छोटं कापडी लेबल शिवलेलं असतं, त्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी एक आकडा. तो आकडा कुठल्या देशाने मान्यता दिली ते सांगतो. दाजींच्या हेल्मेटवर ते लेबल नव्हतं. माझ्या हेल्मेटवर होतं, आयएसआयसोबत. दाजींनी नवं घेतलं आणि पंधरा दिवस निपाणी ते बेळगाव तेच घालून आले, डोक्याला बसावं म्हणून. तवंदी घाटाच्या उन्हात तेही सोपं नव्हतं.

दिवस पहिला: म्युनिक

लिहिण्यासारखं काही नाही. झोपलो. आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी रात्री खाल्ली.

दिवस दुसरा: म्युनिक ते मिटेनवाल्ड

गाडीच्या काउंटरवरची बाई माझा पासपोर्ट आणि लायसन समोरासमोर धरून बघत होती. लायसनवर बेलगाम, पासपोर्टवर जन्मस्थळ बेलगाम, पत्ता मात्र बेळगावी. तिला दोन गावं वाटली. मी सांगितलं, गाव एकच, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारने कागदावरचं नाव बदललं. आणि तुम्ही काय म्हणता, असं तिने विचारलं. "बेळगाव," मी म्हणालो. तिने तोही उच्चार करून बघितला. 'ळ' काही जमला नाही.

मग तिने गाडीचं आरसी उघडून एका आकड्यावर बोट ठेवलं. उभ्या गाडीचा आवाज किती डेसिबल, तो आकडा. ऑस्ट्रियात टिरोलच्या काही रस्त्यांवर उन्हाळी मोसमात ९५ डेसिबलच्या वरच्या मोटरसायकलींना बंदी आहे. आमच्या दोन्ही गाड्या त्याखाली होत्या. बुलेटला सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्याची आपल्याकडची आवड आठवून दाजी गप्प झाले. ऑस्ट्रियात मोटरसायकलवरही प्रथमोपचार पेटी सक्तीची आहे, तीही तिने सीटखाली दाखवली. आम्ही बाण चिकटवले आणि निघालो.

शहराबाहेरच्या वस्तीत तीसची पाटी लागली. या भागात चौकांना पाट्या नसतात, सगळीकडे उजव्याला वाट. उजवीकडून एक सायकलवाला पोरगा आला. मी थांबलो. तो माझ्याकडे न बघता निघून गेला. तो बेफिकीर नव्हता, मी थांबणार याची त्याला खात्री होती. आवारात फक्कीवर जे कळलं नव्हतं ते इथे कळलं. आपण समोरचा चुकेल असं धरून चालवतो, इथला पोरगा समोरचा बरोबर वागेल असं धरून चालवतो. आणि तो ज्याच्या भरवशावर निघाला होता, तो समोरचा म्हणजे त्या क्षणी मी होतो.

गावाबाहेर पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला, पांढऱ्या कडेचा. म्हणजे तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, वाट तुमची. हा चौकोन दिसला की मोकळेपणाने जायचं. गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की ५०. वेगळा आकडा लिहीत नाहीत, गावाचं नाव हाच आकडा. सुरुवातीला मी आकड्याची वाट बघत राहिलो आणि मागच्या गाड्यांचा वेग बघून समजलो.

कोखेलहून वाल्खेन सरोवराकडे जो केसेलबर्ग घाट चढतो तिथे शनिवार-रविवारी आणि सुट्टीला चढायला मोटरसायकलींना बंदी आहे. अपघात आणि आवाज यांमुळे. गुरुवार होता, म्हणून गेलो. छोटाच घाट, पण उजवीकडची आवळलेली वळणं पहिल्यांदा इथे भेटली. दुसऱ्याच वळणात माझी गाडी वळणाबाहेर सरकून मधल्या रेषेला लागली. समोर कोणी नव्हतं. पुढच्या वळणापासून वेग निम्मा केला.

दिवस तिसरा: मिटेनवाल्ड ते श्टेर्त्सिंग

ऑस्ट्रियात शिरताना एक निळी पाटी, त्यावर पिवळे तारे. एवढंच. दाजी म्हणाले, "शिनोळीला महाराष्ट्र लागतोय तसंच हाय की." आणि मग थोड्या वेळाने, "कोविडात कोगनोळीला आपल्याला कागद दाखवून जावं लागत होतं." ब्रेनर खिंडीत जुन्या रस्त्याने गेलो, वर मोटरवेचा उंच पूल दिसत राहतो.

खिंडीपलीकडे इटली. पण पाट्यांवर दोन नावं. श्टेर्त्सिंग आणि विपितेनो, गाव एकच. हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. घरोघर भाषा जर्मनच राहिली. मुसोलिनीच्या काळात ती दाबण्याचे प्रयत्न झाले, पुढे १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने दोन्ही भाषांना सरकारी व्यवहारात जागा मिळाली. मी गाडी कडेला घेतली आणि त्या पाटीचा फोटो काढला. पाटीवर कुठलं नाव असावं यावर आमच्याकडे काय काय घडलंय हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. दाजी पाटीखाली उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बेकरीत एका बाईने जर्मनमध्ये विचारलं, मागच्या गिऱ्हाइकाने इटालियनमध्ये, आणि बेकरीवालीने दोघांनाही पाव दिला. आमच्या खडेबाजारातही दुकानदार मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलतातच. दुकानात भाषा कधी अडत नाही.

दिवस चौथा: याउफेन खिंड, मेरान, प्राड

२,०९४ मीटर. धुकं होतं, गवतात गाई, गळ्यात घंटा. मेरानमध्ये जुन्या गावाच्या तोंडाशी लाल कडेचं पांढरं वर्तुळ आणि तीन इंग्रजी अक्षरं. परवान्याशिवाय आत जायचं नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. गाड्या बाहेर लावून चालत गेलो. पुढे दरीभर सफरचंदाच्या बागा, प्राडपर्यंत.

दिवस पाचवा: प्राड, स्टेल्व्हिओ, नाउडर्स

सकाळी साडेसहा. पाऊस येईल म्हणून रेनकोट टाकीवरच्या बॅगेत भरला आणि बॅग पुढे सरकवून बांधली. पंपावर पेट्रोल भरलं. या पंपावर आपणच भरायचं, पंपाचा नंबर लक्षात ठेवायचा आणि आत जाऊन पैसे द्यायचे. बाहेर आलो, हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली. रस्ता रिकामा. डावीकडे वळलो.

वळून मी थेट डाव्या बाजूला गेलो. पिरनवाडीच्या पंपावरून निघतो तसा, काही न वाटता. चाळीस-पन्नास मीटर गेलो असेन. समोरून ट्रॅक्टर आला, मागे कापलेलं गवत भरलेली ट्रॉली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हा चुकीच्या बाजूने का येतोय. तो विचार मला आजही आठवतो आणि भीती वाटते.

ट्रॅक्टर थांबला. हॉर्न नाही. दिवा एकदा लागला. मी ब्रेक दाबला, गाडी उभी राहिली आणि मधे दहा-बारा पावलं अंतर उरलं. वरचा म्हातारा शेतकरी खाली उतरला नाही, ओरडला नाही. त्याने हात वर केला आणि एक बोट रस्त्याच्या दुसऱ्या बाजूकडे दाखवलं, जसं शाळेतल्या पोराला बाक दाखवतात. मागून दाजी ओरडत येत होते, ते मला आता ऐकू आलं. मी गाडी ढकलत पलीकडे नेली. गुडघे थरथरत होते. तो जाताना मान हलवून गेला.

बागेच्या कुंपणाला टेकून आम्ही वीस मिनिटं बसलो. चूक कुठे झाली ते दाजींनी शोधलं: टाकीवरची बॅग पुढे सरकवली होती, बाण तिच्याखाली गेला होता. पण मला वाटतं कारण त्याहून खोल आहे. तीन दिवस मी नीट चालवत होतो असं मला वाटत होतं. खरं म्हणजे पुढची गाडी मला नीट नेत होती. रहदारी असली की माणूस तिच्या मागे जातो. रिकाम्या रस्त्यावर तीस वर्षांची सवय हँडल हातात घेते. सकाळची पहिली निघण्याची वेळ, पंप, जेवणानंतर, फोटोसाठी थांबल्यावर, आणि डावीकडचं वळण. कोणी जाणार असेल तर एवढ्या पाच जागा लिहून घ्या. गर्दीच्या शहराची भीती आम्ही उगाच बाळगली होती.

बाण तिथून सोलून स्पीडोमीटरच्या काचेच्या कडेला लावला. आणि ठरवलं की यापुढे प्रत्येक वेळी निघताना दोघांनी मोठ्याने म्हणायचं, "उजवीकडे." शेवटपर्यंत म्हणत राहिलो.

स्टेल्व्हिओचा घाट चढायचा की नाही हे दाजींनी माझ्यावर सोडलं. मी तासभर थांबून, कॉफी घेऊन मग हो म्हणालो.

प्राडच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं, खिंड २,७५७ मीटरवर. आमचं बेळगाव साडेसातशे मीटरवर. हा रस्ता १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियन साम्राज्याने बांधला, इंजिनिअर कार्लो दोनेगानी. वळणांना नंबर आहेत, खाली ४८, वर १, त्यामुळे चढताना उलटी मोजणी चालते. दगडी भिंतींचे पट्टे एकावर एक रचलेले, खालून बघितलं की डोंगराला शिवण घातल्यासारखे दिसतात. प्रत्येक दुसरं वळण उजवीकडचं, आवळलेलं, चढाचं. आवारातली फक्की इथे कामाला आली: पहिला गिअर, मागच्या ब्रेकवर हलका पाय, मान वळवून नजर वरच्या पट्ट्यावर. वरून कोण येतंय ते वळणाच्या आधीच बघून ठेवायचं, कारण बस आली तर तिला पूर्ण वळण लागतं. एका वळणाखाली आम्ही बससाठी थांबलो. ड्रायव्हरने हात केला. बावीस नंबरच्या आसपास माझे हात मोकळे झाले, त्याआधी मी हँडल आवळून धरलं होतं हे तेव्हा कळलं.

वर बर्फाच्या भिंती उरल्या होत्या. दाजींनी हातमोजा काढून बर्फ उचलला आणि अक्काला व्हिडिओ कॉल लावला. तिने पहिलं विचारलं, "नियम?" दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "पाळतोय." ट्रॅक्टरचं तिला बेळगावात आल्यावर मी स्वतः सांगितलं.

उतरताना उंब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंड. गावाबाहेर ८०. निळ्या पाटीवर पिवळं पोस्टाचं शिंग असलं की तो डोंगरी पोस्टरस्ता, तिथे पिवळ्या पोस्टबसला आधी वाट आणि ड्रायव्हर सांगेल तसं करायचं. आंधळ्या वळणाआधी ती बस तीन सुरांचा हॉर्न देते. पाच दिवसांत ऐकलेला हा पहिलाच हॉर्न.

संध्याकाळी रेशेन सरोवर. पाण्यातून चर्चचा मनोरा वर आलेला. १९५० मध्ये धरणाचं पाणी सोडलं तेव्हा ग्राउन गाव बुडालं, चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा ठेवला. काठावर लोक फोटो काढत होते. आम्हाला हिडकल धरणातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आठवलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतं ते. दाजींच्या आजोळची माणसं त्या बाजूची. त्यांनी चपला काढल्या आणि काठावरून हात जोडले.

दिवस सहावा: फर्नपास, म्युनिक

दिवसभर पाऊस. म्युनिकच्या अलीकडे मोटरवेवर सगळं थांबलं. पुढे कुठेतरी अपघात. आणि गाड्या थांबता थांबताच डावी लेन डाव्या कडेला सरकली, उजवी उजव्या कडेला. मधोमध एक गल्ली तयार झाली, रिकामी. पोलीस नव्हते, कोणी सांगत नव्हतं. कायदाच असा आहे की वाहतूक रेंगाळली की ही वाट आधीच उघडायची, सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही. मोटरसायकलींनीही त्या गल्लीतून जायचं नाही. आमच्या पुढे आणखी दोन मोटरसायकलवाले पावसात भिजत उभे होते. पाच मिनिटांनी अँब्युलन्स आली आणि वेग न कमी करता निघून गेली.

वडिलांना हॉस्पिटलला नेताना आमची अँब्युलन्स चन्नम्मा चौकाच्या अलीकडे अडकली होती. मी उतरून एकेका गाडीच्या काचेवर हात मारत होतो. लोक वाईट नव्हते, सरकायला जागा कुठे करायची हेच कोणाला माहीत नव्हतं. मी हेल्मेट काढलं नाही. पाऊस होता म्हणून बरं.

दिवस सातवा: म्युनिक

गाड्या परत दिल्या. काउंटरवर तीच बाई. तिने टाकी, टायर, आरसे तपासले आणि स्पीडोमीटरच्या कडेचा लाल बाण पाहिला. मी नखाने तो सोलायला लागलो, तेव्हा तिने विचारलं हे काय. सांगितलं. ट्रॅक्टरचंही सांगितलं. ती म्हणाली, राहू दे, सोमवारी ही गाडी इंग्लंडहून येणाऱ्या दोघांना जाणार आहे. दाजींनी आपल्या गाडीवरचाही तसाच ठेवला.